गुग्गुळ : धुपाटण्यातला आणि औषधातला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीला जाणाऱ्यांची बांधाबांध सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयत्यांना धार लावलेली असते. चूल-भांडी, शेळ्या, लेकरंबाळं असा सगळा संसार ट्रॉलीत चढतो आणि पुढचे पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं तेवढी उरतात. या सामानात एक वस्तू हमखास असते. पदराच्या गाठीत नाहीतर पिशवीच्या तळाशी ठेवलेली, अंगदुखीवरच्या गोळ्यांची पुडी. दिवसभर वाकून तोडणी करायची, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहायच्या आणि एक दिवस जरी अंथरुणाला खिळलं तरी खाडा पडायचा. मग गुडघा ठणकतो म्हणून घरी बसणार कोण? गोळी घ्यायची आणि फडात उतरायचं.

काही वर्षांपूर्वी अशाच एक मावशी माझ्याकडे आल्या. पन्नाशीही उलटलेली नव्हती. त्यांनी चुरगळलेला कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ही गुग्गुळाची पुडी लई गुणाची हाय. दोन दिसांत गुडघा मोकळा झाला माझा. आता सरलीय, तसलीच द्या." पुडीवर नाव नव्हतं, बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर घेतलेली. मावशींचा चेहरा मात्र सुजल्यासारखा गोल झाला होता, वजन वाढलं होतं आणि रक्तातली साखर तपासली तर तीही वाढलेली. मी म्हटलं, "मावशी, गुग्गुळ मी रोज वापरतो. पण तो दोन दिवसांत गुडघा मोकळा करत नाही. हे काम दुसऱ्याच कुणाचं आहे."

ते काम स्टिरॉइडचं होतं, अशी माझी खात्री आहे, कारण लक्षणं तीच होती. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या बेनामी पुड्यांमध्ये स्टिरॉइड किंवा तीव्र वेदनाशामक मिसळलेलं असतं, हे तपासण्यांमध्ये अनेकदा उघड झालेलं आहे. आणि असं औषध बरेच दिवस पोटात गेल्यावर ते एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. मावशींना मी फिजिशियनकडे पाठवलं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते हळूहळू बंद झालं. पण तेव्हापासून मनात आहे, की ज्या गुग्गुळाच्या नावावर हे सगळं विकलं जातं, तो खरा गुग्गुळ काय आहे, तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे एकदा नीट सांगावं. आज तेच सांगणार आहे.

गुग्गुळ आपल्या ओळखीचा आहे तो देवघरातल्या धुपाटण्यामुळे. निखाऱ्यावर खडा टाकला की घरभर दरवळणारा तो वास. पण 'धूप' या एका शब्दाखाली आपण चार-पाच वेगवेगळ्या वस्तू घालतो. राळ ही साल वृक्षाची. ऊद किंवा लोबान वेगळा. सातपुड्यात आणि विदर्भातल्या कोरड्या डोंगरांवर वाढणाऱ्या सालईचा धूप वेगळा. आणि गुग्गुळ त्याहून वेगळा. हा गुग्गुळ ज्या झाडाचा, ते झाड म्हणजे खरं तर काटेरी, वेडंवाकडं, फार तर माणसाच्या दीड-दोन पट उंचीचं झुडूप. साल कागदासारखी सुटणारी, पानं थोडी आणि बारकी. राजस्थान, कच्छ, सौराष्ट्र आणि पलीकडे सिंध हा त्याचा मुलूख. पाऊस कमी, जमीन खडकाळ आणि ऊन भरपूर, अशा ठिकाणी ते तग धरतं.

आता डिंक आणि राळ यांतला फरक समजून घेऊ. हिवाळ्यात आपण धावड्याच्या किंवा बाभळीच्या डिंकाचे लाडू करतो. हा डिंक पाण्यात विरघळतो, तुपात तळला की फुलतो. राळेचं उलट आहे. ती पाण्यात विरघळत नाही. तापवली की वितळते आणि पेट घेते. गुग्गुळात डिंकही आहे, राळही आहे आणि वास देणारं तेलही आहे. म्हणून तो ना धड विरघळतो, ना धड तरंगतो. गरम पाण्यात घातला की दुधासारखं गढूळ पाणी होतं, उन्हात ठेवला की मऊ पडतो आणि निखाऱ्यावर टाकला की जळतो. चांगल्या गुग्गुळाची जुन्या लोकांनी सांगितलेली ही साधी परीक्षा आहे.

झाडाला हे सगळं कशासाठी लागतं? झाडाच्या सालीला जखम झाली, की आतल्या नळ्यांमधून हा चिकट रस बाहेर येतो, वाळतो आणि जखमेचं तोंड बंद करतो. किडा, बुरशी आत शिरू नये म्हणून झाडाने स्वतःला केलेली ही मलमपट्टीच म्हणा ना. माणसाने ती पाहिली आणि स्वतःच्या जखमेसाठी उचलली. व्रणाच्या खोलीत गुग्गुळ, वेखंड, मोहरी, कडुनिंबाची पानं यांची तुपासह धुरी द्यावी, असं सुश्रुताने शस्त्रकर्माच्या प्रकरणात सांगितलेलं आहे. त्याच्याही आधी अथर्ववेदात गुग्गुळाचं एक सूक्त आहे. ज्याच्यापर्यंत त्याचा सुगंध पोचतो त्याच्यापासून यक्ष्मा दूर पळतो, असा त्याचा भाव आहे. विशेष म्हणजे तिथेही सिंधूकडचा आणि समुद्राकडचा गुग्गुळ असा उल्लेख येतो. म्हणजे हा माल दुरून येतो, हे त्या काळीही ठाऊक होतं.

पोटात घ्यायचं औषध म्हणून गुग्गुळाची जागा कोणती? सुश्रुताने त्यात एक बारकावा सांगितला आहे. नवा गुग्गुळ शरीराला पुष्टी देणारा आणि जुना गुग्गुळ मेद खरवडून काढणारा. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'च्या शेवटी कोणत्या रोगावर कोणतं औषध श्रेष्ठ याची एक यादी दिली आहे. त्यात तापावर नागरमोथा आणि पित्तपापडा, प्रमेहावर आवळा आणि हळद, तसा मेद आणि वात यांवर गुग्गुळ. वात म्हटलं की सांधे, कंबर, मज्जा हे आलंच. याच 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिणारा हेमाद्री हा आपल्या मराठवाड्यातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. हेमाडपंती देवळांमुळे आपण त्याला ओळखतो, पण तेराव्या शतकातला तो एक मोठा वैद्यकाचा अभ्यासकही होता, हे आपल्याला फारसं आठवत नाही. परळीच्या देवाला तर आपण वैद्यनाथच म्हणतो. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपवले, अशी तिथली आख्यायिका आहे. तेव्हा वैद्यकाचा वारसा आपल्या मातीला परका नाही. प्रश्न आहे तो वारसा नीट समजून वापरण्याचा.

'भावप्रकाश' या ग्रंथात गुग्गुळाचे पाच प्रकार दिले आहेत : महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म आणि हिरण्य. पहिले दोन हत्तींसाठी, पुढचे दोन घोड्यांसाठी आणि सोन्याच्या रंगाचा हिरण्य माणसांसाठी. महिषाक्षही माणसांना चालतो, असं काहींचं मत तिथेच नोंदलेलं आहे. म्हणजे सगळा गुग्गुळ एका पोत्यातला नव्हे, आणि दुकानातून आणलेला धुपाचा खडा तसाच तोंडात टाकायचा नव्हे.

कच्चा गुग्गुळ पोटात गेला तर मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ असे त्रास होऊ शकतात. म्हणून त्याचं आधी शोधन करतात. गुग्गुळातली माती, काड्या, साल निवडून काढायची, त्याची कापडात पुरचुंडी बांधायची आणि ती त्रिफळ्याच्या किंवा गुळवेलीच्या काढ्यात भांड्याला टेकणार नाही अशी लोंबती ठेवून शिजवायची. काही ठिकाणी गोमूत्र किंवा दूधही वापरतात. गुग्गुळ काढ्यात उतरतो आणि घाण कापडात राहते. मग तो काढा आटवून, वाळवून, तुपाचा हात लावत खलबत्त्यात कुटायचा. किती कुटायचा? जुने वैद्य लाख घाव म्हणतात. आकडा सोडून द्या, पण गुग्गुळ लोण्यासारखा मऊ होईपर्यंत कुटल्याखेरीज गोळी नीट होत नाही आणि पचतही नाही. दहा-वीस रुपयांच्या पुडीत एवढी मेहनत बसते का, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

शिवाय गुग्गुळ सहसा एकटा दिला जात नाही. त्याच्या जोडीला कोण, यावर त्याचं काम ठरतं. शार्ङ्गधराने हे कल्प व्यवस्थित मांडले आहेत. गोक्षुरादी गुग्गुळात गोखरू असतं. गोखरू म्हणजे आपल्या बांधावरचा सराटा, अनवाणी चालणाऱ्याच्या पायात रुतणारा. तो लघवीच्या तक्रारींवर. कैशोर गुग्गुळात गुळवेल मुख्य, तो वातरक्तावर. त्रिफळा गुग्गुळ व्रणावर, सुजेवर आणि मूळव्याधीवर. कांचनार गुग्गुळ गाठींवर. योगराज गुग्गुळ सांध्यांच्या दुखण्यावर. तेव्हा "मला गुग्गुळ द्या" हे "मला भाजी द्या" म्हणण्यासारखं झालं. कोणती? कशासाठी? आणि महायोगराज गुग्गुळात तर शिसं, लोखंड, चांदी अशा धातूंची भस्मं आणि पाऱ्याचा कल्पही असतो. तो शेजाऱ्याला लागू पडला म्हणून आपण मागवून घ्यायचा, असं कधीही करू नये.

हे झालं परंपरेचं. आजच्या शास्त्राने गुग्गुळाची परीक्षा घेतली का? घेतली, आणि ती हकिगत मोठी शिकण्यासारखी आहे. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती या संशोधक विदुषींनी सुश्रुतातलं मेदोरोगाचं वर्णन वाचलं. मेद वाढून वाटा अडतात, हे वर्णन त्यांना रक्तवाहिन्यांत चरबी साचण्याच्या विकाराशी जुळणारं वाटलं. त्यांनी सशांवर प्रयोग केले आणि १९६६ साली प्रबंध सादर केला. गुग्गुळाने सशांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी झालेलं दिसलं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत काम झालं आणि १९८० च्या दशकात 'गुग्गुलिपिड' हे औषध भारतात आलं. ग्रंथातल्या वर्णनापासून प्रयोगशाळेपर्यंत आणि तिथून दुकानापर्यंत, असा प्रवास फार थोड्या वनस्पतींच्या वाट्याला आला.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १०३ जणांवर आठ आठवड्यांची काटेकोर चाचणी केली. काहींना गुग्गुलिपिड, काहींना नुसती दिखाऊ गोळी. कुणाला काय दिलं, हे देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढलं, तर दिखाऊ गोळीवाल्यांचं पाच टक्क्यांनी उतरलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं. यावर आपल्याकडे दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणतो, आयुर्वेद थोतांड आहे. दुसरा म्हणतो, परदेशी लोकांना आपलं चांगलं बघवत नाही. दोन्ही उत्तरं आळशीपणाची आहेत. चाचणी झाली ती गुग्गुळाच्या अर्काची, शोधित गुग्गुळाच्या संपूर्ण कल्पाची नव्हे, आणि तिथल्या माणसांचा आहारही वेगळा होता, हे खरं आहे. पण म्हणून तिचा निकाल खोटा ठरत नाही. त्याचा सरळ अर्थ एवढाच, की हृदयविकाराच्या डॉक्टरांनी दिलेलं कोलेस्टेरॉलचं औषध बंद करून त्याजागी गुग्गुळ सुरू करू नये. वैद्य म्हणून हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही.

सांध्यांच्या बाबतीत चित्र थोडं आशादायक आहे, आणि तिथे गुग्गुळाची चुलतबहीण म्हणावी अशी सालई पुढे येते. आयुर्वेदात तिला शल्लकी म्हणतात. दोन्ही झाडं एकाच कुळातली. सालईच्या धुपात जी आम्लं असतात ती शरीरातली सूज वाढवणाऱ्या एका विकराला अडवतात, असं जर्मनीतल्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास दाखवलं. मग आपल्या नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याची झीज झालेल्या ३० रुग्णांवर चाचणी केली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. आठ आठवडे सालईचा अर्क घेतलेल्यांचं दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. पण एक्स-रेमध्ये काही फरक दिसला नाही. म्हणजे सूज आणि वेदना उतरली, झिजलेला गुडघा नवा झाला नाही. रुग्णांची संख्या लहान होती, तरी निष्कर्ष प्रामाणिक होता. माझ्या रुग्णांना मी हेच सांगतो. औषधाने आराम पडेल, काही आठवड्यांनी पडेल, आणि गुडघ्यावरचा भार कमी केला तरच तो टिकेल.

आणि नेमकं इथेच ऊसतोडणीच्या माणसाचं अडतं. वैद्य म्हणतो, विश्रांती घ्या. मावशी म्हणतात, "इसावा घेतला तर खाडा कोण भरंल?" याला माझ्याकडे कुठल्याही झाडाचा डिंक नाही. दोन दिवसांत दुखणं गायब करणारी पुडी खपते ती लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे, तर त्यांना दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ नाही म्हणून. हे लक्षात घेतलं तर आपण त्यांच्यावर डाफरणार नाही. जायच्या आधीच त्यांना गाठू.

काही गोष्टी मात्र प्रत्येकाने पाळण्यासारख्या आहेत. गरोदर बाईने गुग्गुळाची औषधं घेऊ नयेत. थायरॉइडचं, रक्तदाबाचं, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय गुग्गुळ सुरू करू नये, कारण तो काही औषधांचा परिणाम कमी-जास्त करतो. औषध घेताना डबीवर घटकांची नावं, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे ना, हे बघावं. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावं. धूप जाळतानाही बंद खोलीत जाळू नये. दम्याचा रुग्ण आणि तान्हं बाळ यांना सुगंधी धूरही धूरच असतो.

आता थोडं त्या झाडाविषयी. गुग्गुळाचं झुडूप चीक देण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात आणि एका हंगामात ते काहीशे ग्रॅमच देतं. मागणी वाढली तशी लोकांनी खोल घाव घातले, जास्त चीक सुटावा म्हणून घावात रसायनं भरली. अशा झाडातून एकदा भरपूर गुग्गुळ निघतो आणि मग झाड वाळून जातं. परिणामी २०१५ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत या झाडाची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. माल कमी पडू लागला की भेसळ येतेच. स्वस्त डिंक, राळ, दुसऱ्याच झाडाचा धूप त्यात मिसळला जातो. राजस्थान आणि गुजरातमध्ये लागवडीचे प्रयत्न झाले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. हे झाड कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत वाढतं, फांदी लावूनही येतं. आपल्या आष्टी-पाटोद्याकडच्या माळरानासारख्या जमिनीवर त्याचे प्रयोग करून बघायला काय हरकत आहे, असं मला वाटतं. पण त्यासाठी कृषी विभागाचं आणि जाणकारांचं मार्गदर्शन घ्यावं. झटपट श्रीमंतीच्या आशेने मात्र लावू नये, कारण आठ-दहा वर्षं थांबायची तयारी लागते.

त्या मावशी पुढच्या दसऱ्याला परत आल्या, या खेपेला टोळी निघायच्या महिनाभर आधी. साखर आटोक्यात होती, चेहरा पहिल्यासारखा झाला होता. मी योगराज गुग्गुळ दिला, एरंडेलाचा शेक सांगितला, बसून करायचे गुडघ्याचे दोन व्यायाम शिकवले आणि मोळी डोक्यावर घेताना कमरेतून वाकू नका म्हणून सांगितलं. मावशी म्हणाल्या, "ह्यानं दोन दिसांत न्हाई बरं वाटायचं ना?" मी म्हटलं, "नाही. महिना-दीड महिना लागेल." त्यांनी डबी हातात फिरवली, नातीकडून वरचं नाव वाचून घेतलं आणि पिशवीत ठेवली.

आपल्या घरातून, शेजारून कोणी तोडणीला जाणार असेल, तर निघण्याआधी महिनाभर त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा माहितीच्या वैद्यांकडे घेऊन जा. साखर, रक्तदाब, गुडघे तपासून घ्या. आणि पिशवीत बिननावाची पुडी दिसली, तर ती कुठून आली हे एकदा विचारा.